पोळ्यातली मोठी घरं आणि माझं खोटं

आज रविवार. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी आमच्या शेजारच्या बाबूमामांची मधपेटी उघडून बसलो होतो. मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चाकूरहून लातूरला गेलेत आणि पेट्या माझ्यावर सोपवल्यात.

पोळ्याच्या खालच्या कडेची घरं मला मोठी दिसली. पट्टी लावली. वर दहा घरं साडेचार सेंटिमीटरमध्ये बसत होती, खाली तेवढ्याच घरांना सव्वापाच लागत होते. असा फरक मला सहन होत नाही. माश्या चुकल्या असं समजून मी तेवढा तुकडा सुरीने कापला. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

घाबरून मामांना फोन लावला.

"मामा, खालची घरं मोठी कशी?"

"आरं, ती नरांची हायत. नर अंगानं मोठा, मग घर मोठं नको? माश्यांना माप शिकवाया तू गवंडी हाईस का?" मामा हसले. "बाजूच्या पेटीत नवी राणी करायची हाय. तिला नर लागतील, म्हणून राखलेत मी. कापलं तर न्हाईस ना?"

"न्हाई, मामा."

तुकडा तेव्हा माझ्या हातातच होता.

"तू हाईस म्हणून निवांत पडलोय बघ," ते म्हणाले.

कापलं ते न कळून, पण खोटं बोललो ते कळून. तुमच्यापैकी कुणी असं खोटं परत घेतलंय का? पहिलं वाक्य काय बोललात?

मामांची सून या ग्रुपवर आहे. वहिनी, त्यांना हे वाचून दाखवू नका. मीच फोन लावतोय.