नाना तपासणीत पास झाले

मंडळी, आजचंच सांगतो. वाचनालयाच्या फळ्यावर लावतोय, कारण सल्ला लगेच हवाय.

शेजारचे नाना धुळ्याच्या मिलमध्ये मागावर होते. त्या आवाजात त्यांचे कान गेले. भरपाई मिळायची तर नेमलेल्या डॉक्टरांचंच सर्टिफिकेट लागतं, दुसऱ्या कुणाची सही चालत नाही. मला इंग्रजी येतं म्हणून सोबत गेलो.

डॉक्टरांनी नानांना समोर बसवून हळूच विचारलं, "नाव काय? गाव कोणतं?" नानांनी पटापट सांगितलं. मागांच्या खडखडाटात ही माणसं ओठांवरूनच बोलणं ओळखतात, ती सवय सुटत नाही.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, एकदा पाठीमागून विचारून बघा ना."

"तपासायचा अधिकार तुम्हाला आहे का मला?"

त्यांनी कागदावर "ऐकू नीट येतं" असं लिहून टाकलं.

टांग्यात नाना खुशीत, सगळी उत्तरं बरोबर दिली म्हणून. "मी बठ्ठं बरोबर सांगं ना?"

माझ्याने त्यांच्याकडे बघवेना. तोंड फिरवून मोठ्याने "हो" म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

सही उद्या सकाळी होणार. मी परत जाऊ का? डॉक्टर चिडले तर नानांचंच नुकसान होईल. तुम्ही काय केलं असतं?