गौरीच्या साडीत आय

आमच्याकडची गौर तिखटाचं जेवते. पुरणपोळीवर तिचं भागत नाही, तिला मटण लागतं, वडे लागतात, आणि ते सगळं आय एकटी रांधायची. आम्ही लेकी-सुना फक्त नाचायला. वैशाखऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. मला दिली सापगावला, तिकडूनच कंपनीत पॅकिंगला जाते. सुट्टी मिळो न मिळो, गौरीला मी माहेरी असतेच. त्या वर्षी आयला हिरवी साडी घेऊन गेले होते, जरीच्या काठाची. आयने ती उलगडूनसुद्धा पाहिली नाही, तशीच गौरीपुढे ठेवली. म्हणाली, "आधी तिला दाखवू, मंग मी नेसंन."

घर पाहुण्यांनी भरलेलं. फुगड्या घालून सगळ्यांचे पाय मोडलेले. खाटा आम्हाला दिल्या आणि आय पडवीत, लाकडांच्या ढिगाजवळ गोधडी टाकून झोपली. मी म्हटलं, आत ये. तर म्हणाली, "हितं गार वाटतं गो."

सकाळी आय उठली ती पोट धरूनच. बा म्हणाला, "काल वडं जास्त झालं." मीही हसले, ओव्याचं पाणी करून दिलं. तिने एक घोट घेतला, दुसरा ओठांवरूनच परत आला. मग ती गौरीसमोर भिंतीला टेकून बसली. पापण्या अर्ध्या खाली आलेल्या, म्हणून मान मागे टाकून आमच्याकडे बघत होती. काहीतरी बोलली. आवाज जड, नाकातून आलेला. तिचा नव्हताच तो.

आत्याने, म्हणजे बाच्या बहिणीने, हातातलं ताट खाली ठेवलं. हळूच म्हणाली, "हिच्या अंगात गवर आली."

तुम्हाला हे येड्यासारखं वाटेल, वाटू द्या. आमच्याकडे गौर जायच्या दिवशी कुणा ना कुणाच्या अंगात येते. आली की आवाज बदलतो, डोळे मिटतात, मान डुलते. सगळं जुळत होतं. बाने टोपी काढली आणि आपल्याच बायकोला हात जोडले. आत्याने हळदकुंकू लावलं, गौरीपुढची हिरवी साडी उचलून आयच्या खांद्यावर पांघरली आणि विचारलं, "आये, काय पायजे तुला? आमचा काय चुकला?" आयचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो, देवी काय मागते ते ऐकायला.

मीही पाया पडले. डोकं तिच्या पायावर टेकवून वर बघितलं तर तिच्या तोंडातून लाळ गळत होती. हनुवटीवरून साडीच्या काठावर. आमची आय भाताची खाचरं तुडवून आली तरी दारात पाय धुतल्याशिवाय आत येत नाही. ती लाळ पुसत नव्हती. मी म्हटलं, "आये, थुंकी गीळ." तिने मान हलवायला घेतली आणि मान पुढे पडली ती वर आलीच नाही.

"गवर नाय ही," मी ओरडले, "आय हाय माजी, जीप काढा." आत्या म्हणाली, देवी अंगात असताना घराबाहेर नेऊ नये. मी आत्याशी आयुष्यात कधी उलटून बोलले नव्हते, त्या दिवशी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्यांच्या जीपमध्ये आयला घातली, बा आणि आत्याही चढले. साडी तिच्या अंगावर तशीच होती, कुणाला काढायचं सुचलंच नाही.

मुरबाडच्या दवाखान्यातली सिस्टर माझ्याच वयाची होती. तिने कपाळावरचं ओलं कुंकू बघितलं, अंगठ्याने आयची पापणी वर केली, सोडली. पापणी पडली. काही न विचारता तिने आधी डॉक्टरांना हाक मारली, मग माझ्याकडे वळली. "रात्री खाली झोपल्या होत्या का?"

"हो. पडवीत. लाकडांजवळ."

"पोटात दुखलं पहाटे?"

"हो."

"मण्यार असणार."

बा म्हणाला, चावलेलं कुठं दिसत नाय, ती वरडली पण नाय. सिस्टर म्हणाली, मण्यारीचं तसंच असतं काका, झोपेत कळतच नाही. डॉक्टरांनी सलाईन लावून सापाच्या विषावरची इंजेक्शनं सुरू केली. मला तेवढ्यानं धीर आला. इंजेक्शन आहे म्हणजे आता बरी होणार. पण औषध आत जात होतं आणि आयची छाती हलायची कमी कमी होत होती. डॉक्टरांनी घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा लावला. म्हणाले, विषाने श्वासाचे स्नायू दमलेत, मशीन लागेल, मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल. तोवर हा फुगा हातानं दाबायचा, थांबायचं नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये बा ड्रायव्हरशेजारी बसला, मागे आय, सिस्टर, आत्या आणि मी. मुरबाड सोडलं आणि सिस्टरला एका हातानं सलाईन, दुसऱ्या हातानं आयच्या तोंडातली लाळ काढायची नळी, असं सगळं सांभाळायला लागलं. तिने फुगा माझ्या हातात दिला. "ताई, तुम्ही श्वास घ्याल तेव्हा दाबा. सोडाल तेव्हा सोडा."

मी घाबरलेली. माझा श्वास कुत्र्यासारखा धापा टाकत चाललेला, तसाच मी फुगा दाबायला लागले. सिस्टरने माझ्या हातावर हात ठेवला. "हळू. तुम्ही घाबरलात तर त्या पण घाबरतील."

मी दाबायचे, आयची छाती वर यायची. सोडायचे, खाली जायची. एकदा गाडी खड्ड्यात गेली, माझा हात सुटला आणि छाती खालीच राहिली. तेवढ्यात मला कळून चुकलं की आयचं स्वतःचं असं काहीच चाललेलं नाही, जे आहे ते माझ्या पंजात आहे. मी इतकी घाबरले की मला मुतायला झालं. खोटं कशाला सांगू. बोटं आखडली तरी दुसऱ्या कुणाला फुगा द्यायची माझी हिंमत होत नव्हती.

पुढे विसर्जनाची मिरवणूक आडवी आली. ट्रॅक्टरवर गणपती, पुढे डीजे, त्याच्या दणक्यात आमचा भोंगा कुणाला ऐकूच जाईना. बा खाली उतरून लोकांच्या पाया पडत होता, हे मला काचेतून दिसत होतं. आयचे डोळे मिटलेले, चेहरा मातीसारखा. तेव्हाच आत्याने गळा काढला.

"गेली गो माजी भावजय. गवरीबरोबर गेली. अहेव गेली, हिरव्या साडीत गेली." मग डोळे पुसून ती साडी आयच्या अंगावर सारखी करायला लागली, काठ नीट जुळवत. मला म्हणाली, "आता दुसरी नको शोधायला. हीच नेसवू. तूच आणलेली, लेकीच्या हातची."

मी दाबत होते. मला आत्याला ढकलून द्यायचं होतं पण हात मोकळा नव्हता. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं की मी एका मेलेल्या बाईत वारा भरतेय.

"गप बसा," सिस्टर म्हणाली. आत्या तिच्या आईच्या वयाची, तरी तिने तिला गप बसवलं. "त्या ऐकतायत. या विषात माणूस आतून जागा असतो. डोळे उघडता येत नाहीत, बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं."

आत्याला पटलं नाही. सिस्टर आयच्या कानाशी वाकली, डीजेच्या वरताण ओरडून म्हणाली, "मावशी, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा."

आम्ही तिघी आयच्या पायांकडे बघत होतो. टाचा भेगाळलेल्या, जोडवी घातलेली. काही झालं नाही. सिस्टरने पुन्हा सांगितलं. उजवा अंगठा हलला. फार नाही, मुंगी चढल्यावर हलेल एवढाच.

आत्याने साडीवरचा हात काढून घेतला आणि तोंडावर ठेवला. तेवढ्या वेळात ती काय काय बोलली होती ते तिलाही आठवलं असणार.

"बोला त्यांच्याशी," सिस्टर मला म्हणाली. आईशी काय बोलायचं असतं? मी म्हटलं, आये, म्हस व्यायली की खरवस मीच नेणार, आत्येला नाय द्यायचा. म्हसा गावच्या जत्रंला जाऊ, तुला घोंगडी घेऊ, काळी, जाड, तुला पायजे होती ती. बोलत राहिले, दाबत राहिले. पोरांनी ट्रॅक्टर बाजूला ओढला आणि गाडी सुटली.

आय वाचली. बरेच दिवस मशीनवर होती, मग एक दिवस स्वतः श्वास घ्यायला लागली, मग पापण्या वर आल्या. घरी आली तेव्हा भात कापणीला आलेलं. जरा उभी राहायला लागली तशी तिने ती हिरवी साडी मागितली आणि नेसून खाचरात उतरली. चिखलात, विळा घेऊन. मी म्हटलं, "आये, नवी साडी ना गो ती." म्हणाली, "फाटू दे. चांगली राहिली तर परत कामाला यंल." दिवाळीपर्यंत तिच्या चिंध्या झाल्या.

त्या सगळ्याबद्दल आय एकदाच बोलली. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. "मी नको नको बोलत होते. घरात पण, गाडीत पण. इतकी बोलत होते. तुला कायच ऐकू नाय आला?"

मी म्हटलं, "नाय आये. अंगठा दिसला फक्त."

म्हशाच्या जत्रेतून तिला घोंगडी आणली. आता ती खाटेवरच झोपते, पडवीकडे फिरकत नाही. परवा माहेरी गेले तर दुपारची आडवी झाली होती. माघातली थंडी, घोंगडी हनुवटीपर्यंत ओढलेली, आणि दोन्ही पाय उघडे. मी पायांवर घोंगडी सारायला गेले तर डोळे न उघडताच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दिसायला पायजेत."