पत्रपेटीवरचा झेंडू

अख्ख्या झिंडेलफिंगेनमध्ये जर्मन सरकारला इतकं घाबरणारा माणूस दुसरा सापडणार नाही, आणि त्याच सरकारचा नागरिक व्हायची हौस त्यालाच. आमच्या खालच्या मजल्यावरचे भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे कॉलेजपासूनचे मित्र, गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारे इंजिनिअर. नागरिकत्वाची परीक्षा त्यांनी मार्चमध्ये दिली, तेहतीसपैकी तेहतीस उत्तरं बरोबर आणली, अर्ज भरला, आणि त्या दिवसापासून कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे अशा बेताने राहू लागले. रविवारी आवाज करायचा नाही, हा इथला नियम. त्यापायी मिक्सर आम्ही सगळेच शनिवारी उरकतो; यांनी कुकरही बंद केला आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दर रविवारी तुरीची डाळ पातेल्यात शिजवत बसल्या. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायला गेले की एकेक बाटली तान्हं मूल निजवावं तशी आत सोडत. एकदा भर पावसात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना मी लाल सिग्नल ओलांडला, तर मागून ओरडले, "वहिनी, मी तुमच्याबरोबर नाही हं!" हे मराठीत ओरडल्यामुळे पुरावा राहत नाही, असंही नंतर समजावून सांगितलं.

हसायला सोपं आहे, पण ती भीती पोकळ नव्हती. त्यांच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली होती. "पगार थांबला की अर्ज गेला. मग सोळा वर्षांनंतरही आपण पाहुणेच," असं म्हणताना ते शर्टाची वरची गुंडी लावत आणि काढत. त्यांची लेक जर्मनमध्ये सांगे, पापा, शांत व्हा. जर्मनमध्ये सांगितलेलं असल्यामुळे ते आणखी घाबरत. पोस्टमन दिवसातून एकदा येतो, तरी अर्जाच्या उत्तरासाठी हे पत्रपेटी तीनदा उघडत आणि मोबाईलचा टॉर्च लावून कोपरे बघत. शेवटी मी यादी करून दिली: पेटी एकदाच बघणे, नागरिकत्वाच्या ऑफिसला दर महिन्याला एक फोन, सॅलरी स्लिपा एका फाईलमध्ये. त्यांनी यादी लॅमिनेट करून आणली आणि सही कुठे करू, असं विचारलं. फोन मात्र एकदाही केला नाही. "आठवण करून दिली आणि चिडले तर?"

दसऱ्याला आपण ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करतो. आम्ही गाडीची आणि लॅपटॉपची केली. भावजी म्हणाले, "यंदा सगळी भिस्त हिच्यावर," आणि खाली जाऊन त्यांनी पत्रपेटीला हळद-कुंकू लावलं, बाल्कनीतल्या झेंडूचा जाडजूड हार घातला. पूजेचा हार आपणहून काढायचा नाही म्हणून तो सुकेपर्यंत, चांगला आठवडाभर, लोंबत राहिला. इथे फ्लॅटला नंबर नसतो, पत्र येतं ते पेटीवरच्या नावावर. आणि नाव होतं बरोबर हाराखाली. आमच्यापैकी कोणाच्याच ते ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

नोव्हेंबरात एका गुरुवारी दुपारी मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि फोन लावायला लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की ताज्या सॅलरी स्लिपा मागणारं पत्र पाठवलं होतं, ते 'या नावाचं कोणी राहत नाही' असा शेरा मारून परत आलं; मुदत आज पाचला संपते, आज आणून दिल्या तर घेईन.

"या नावाचं कोणी राहत नाही," भावजी पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिले. त्यांचा चेहरा धुतलेल्या फळ्यासारखा झाला होता.

"अहो, आधी फाईल घ्या, मग घाबरा," वहिनींनी जॅकेट पुढे केलं.

साडेचार वाजून गेले होते. आम्ही दोघं अक्षरशः पळत सुटलो. ऑफिसच्या समोरच्या रस्त्यावर सिग्नल लाल होता, गाडी एकही नव्हती, समोरच्या घड्याळात पाचला चार मिनिटं. भावजी थांबले. फाईल छातीशी धरलेली, पाय फुटपाथवरच. मी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं आणि त्यांच्याशेजारी उभी राहिले.

स्लिपा पोचल्या. फेब्रुवारीत पाकीट आलं. ते उघडायला भावजी माझ्याकडे वर आले. वहिनी मागे दारातच उभ्या. अर्ज मंजूर झाला होता, प्रमाणपत्र घ्यायला बोलावलं होतं. मी लगेच कागद ओढून पुढची यादी लिहायला घेतली: फोटो, नवीन पासपोर्टचा अर्ज, भारतीय पासपोर्ट कॉन्सुलेटमध्ये परत करणे. तिसरी ओळ वाचून त्यांनी खिशातून पासपोर्ट काढला आणि शेवटचं पान उघडलं. तिथे वडिलांचं नाव, आईचं नाव आणि मिरजेचा पत्ता.

"वहिनी, या जर्मनांच्या पासपोर्टात हे पान कुठे असतं हो?"

"नसतं, भावजी."

त्यांनी पासपोर्ट तसाच उघडा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या यादीत एक झेरॉक्स वाढवा." मी वाढवली. पान त्यांनी आमच्या प्रिंटरच्या काचेवर स्वतः नीट, कडेला कड लावून ठेवलं. झाकण मात्र मला लावायला सांगितलं.