मेन स्विच बंद न करण्याबाबत

विषय : संगणक प्रयोगशाळेचा मेन स्विच सायंकाळी बंद न करण्याबाबत.
संदर्भ : डॉ. वैशाली गायकवाड यांचा अर्ज.

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सादर करण्यात येते की, अर्ज एका टेबलावर बसला की त्याच्याभोवती किस्से जमतात, गुळाच्या ढेपेला मुंगळे जमावेत तसे. शिरूर-दौंड रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात मी क्लार्क होतो. रिटायर झालो, पण चहाला अजून ऑफिसातच जातो. त्यामुळे हा अर्ज माझ्या डोळ्यांसमोर म्हातारा होतो आहे.

गायकवाड मॅडम मांडवगण फराट्याच्या. गणितातली सिद्धता बरोबर आहे का, हे संगणकाने एकेक पायरी तपासून सांगायचं, हे त्यांचं संशोधन. त्यांची स्वतःची एक मोठी सिद्धता तयार आहे. ती तपासायला संगणक दिवसरात्र चालू हवा. मधे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. घरी न्यावा तर मांडवगणला वीज स्वतःच्या मर्जीने येते. शिवाय परदेशातले एक गृहस्थ त्याच प्रश्नाच्या मागे आहेत. जो आधी पुरा करील, त्याचं नाव!

आणि आमचे शिपाई नामदेवमामा कॉलेज सुटलं की मेन स्विच पाडतात. पूर्वी स्टाफरूममधला हीटर चालू राहून पडदा जळाला, तेव्हापासून संस्थेच्या अध्यक्षांचा तसा हुकूम आहे. पडदा अजून नवा आलेला नाही, हुकूम मात्र चालू आहे.

*

मॅडमनी आधी मामांनाच गाठलं. "मामा, माझा कॉम्प्युटर विचार करत असतो हो. तुम्ही मधेच बंद करता."

मामा म्हणाले, "मॅडम, हितं समद्यांचाच इचार साडेपाचला बंद हुतो. त्यो काय येगळा पर्मनंट हाय व्हय?"

*

मग मॅडम अध्यक्षांकडे गेल्या. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी विचारलं, "काम कशावर चाललंय तुमचं?"

"बीजगणितावर, आप्पा."

"आरं तिच्या! आमचं तर नववीतच संपलं. तुमचं अजून चालूच?"

तरी आप्पा दिलदार. अर्जावर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असा शेरा मारून त्यांनी तो प्राचार्यांकडे पाठवला. हा शेरा म्हणजे अर्जाला दिलेली पेन्शन!

*

प्राचार्य सावध माणूस. त्यांनी खाली लिहिलं, 'असे संशोधन यापूर्वी कोणी केले असल्यास पूर्वोदाहरण जोडावे.'

मॅडम म्हणाल्या, "सर, यापूर्वी कुणी केलं असतं, तर मी कशाला केलं असतं?"

"तेच म्हणतोय मी," सर म्हणाले. "मग करता कशाला?"

*

एव्हाना 'मॅडमकडं एआय हाय' ही बातमी मांडवगणला पोचली होती. तिथले एक आबा थेट प्रयोगशाळेत आले.

"पोरी, तुझ्या एआयला इचार, बिबट्या कुणाच्या उसात बसलाय?"

"आबा, माझा प्रोग्राम शोधत नाही, सिद्ध करतो."

"मग आमच्या उसात न्हाई, आसं सिद्ध करून दे. तोडणीवाले आत शिरंनात!"

*

शेवटी प्राचार्यांनाच युक्ती सुचली. "तुमचं यंत्र तर्काने चालतं ना? मग संस्थेचे नियम त्यात घाला. परवानगी बसते का ते त्यालाच सांगू दे. ते म्हणेल तशी मी सही करतो."

मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी सगळे नियम घातले. ऑफिस गोळा झालं, चहा आला. थोड्याच वेळात उत्तर आलं.

"सर, परवानगी द्यावी, असं नियमांवरून सिद्ध होतंय!"

सरांनी पेन काढलं. पण मॅडम पडल्या संशोधक. खोटं बोलवेना.

"पण सर, देऊ नये, हेही सिद्ध होतंय. एक नियम म्हणतो, संशोधनाला अखंड वीज मिळेल. दुसरा म्हणतो, कॉलेज सुटल्यावर वीज राहणार नाही. असे परस्परविरोधी नियम असले की त्यांतून काहीही सिद्ध होतं. प्राचार्य नामदेवमामा आहेत, हेसुद्धा!"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "मग कुठला नियम रद्द केला म्हणजे भागेल, ते विचारा. आत्ता आप्पांना फोन लावतो."

मॅडमनी विचारलं. यंत्र विचार करू लागलं. सरांनी खरोखरच फोन लावला. पलीकडे आप्पा "हॅलो, हॅलो, बोला की!" म्हणत होते. आम्ही सगळे श्वास रोखून स्क्रीनकडे बघत होतो.

आणि स्क्रीन काळी झाली.

पॅसेजमधून प्राचार्यांचा, म्हणजे नामदेवमामांचा आवाज आला, "चला, उरका! साडेपाच झालं!"

मॅडम रोज सकाळी पहिल्या पायरीपासून सुरू करतात. परदेशातल्या गृहस्थांचं अद्याप काही प्रसिद्ध झालेलं नाही. सदर अर्ज प्रलंबित आहे.