मॅटिंगवरचा शुक्रवार

मी हात जोडून उभा होतो. त्या जोडलेल्या हातांवर त्याने तीन स्वेटर टाकले.

"चला, हँगर मिळाला," तो म्हणाला.

तो इंग्लंडहून आलेला प्रशिक्षक. मैदानावर हशा पिकला. सर्वांत आधी हसले ते आमचे कुलकर्णी.

सौदी अरेबियातल्या जुबैलच्या त्या मैदानावर गवत नाही. सिमेंटच्या पट्टीवर काथ्याचे मॅटिंग ताणून बसवलेले असते, तीच आमची खेळपट्टी. सामना सुरू होण्यापूर्वी तिला नमस्कार करण्याचा माझा नेम आहे. ज्या भूमीवर आपण उभे राहतो तिचे ऋण मानावे, हा संस्कार बालपणी पाठशाळेत झाला. पहाटेची संध्या, अमरकोशाचे पाठांतर, मग दिवसाची शाळा, असे माझे शिक्षण झाले. पुढे पोटासाठी अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि या वाळवंटात आलो. एका कंत्राटदार कंपनीत सुरक्षा निरीक्षक म्हणून माझी उमेदीची सर्व वर्षे गेली. शुक्रवारी सकाळी, जुम्याच्या नमाजाआधी, कामगारांचे सामने होतात. त्यांत मी पंच म्हणून उभा राहतो. कॅम्पमधली मुले मला गुरुजी म्हणतात.

गोलंदाजाने आपली टोपी, आपला स्वेटर पंचाच्या हाती द्यावा, ही या खेळाची जुनी रीत. त्या देण्यात विश्वास असतो. पंचाने ते सांभाळणे यात मला कधी कमीपणा वाटला नाही. पण देणे निराळे आणि अंगावर फेकणे निराळे.

मी स्वेटर नीट घडी करून कमरेला बांधले.

त्या हिवाळ्यात आमच्या कंपनीने इंग्लंडमधल्या एका खासगी अकादमीचे शिबिर जुबैलमध्ये भरवले होते. इंग्लंडचे जुने वेगवान गोलंदाज थकले, आता नवी पिढी घडवायची आहे, असे कुलकर्णी सर्वांना मोठ्या अभिमानाने सांगत. जणू ती पिढी त्यांच्याच घरात जन्मणार होती. कुलकर्णी पुण्याचे. कंपनीत प्रशासन व्यवस्थापक आणि आमच्या लीगचे सचिव. वयाने माझ्याहून बरेच लहान, अधिकाराने बरेच मोठे.

आलेली मुले अठरा-एकोणीस वर्षांची होती. उंच, कोवळी, उन्हाने गालांवर लाल झालेली. त्यांना गोलंदाजी करायला समोर माणसे हवी होती. ती माणसे कुलकर्णींनी कॅम्पमधून पुरवली.

आमची मुले एरवी टेनिसच्या चेंडूला टेप गुंडाळून खेळतात. तो लागला तर चटका बसतो, हाड मोडत नाही. त्या दिवशी चामड्याचा चेंडू होता. पाहुण्यांची हेल्मेट पाहुण्यांच्या बॅगांत होती. आमच्यासाठी एकही नव्हते.

मी कुलकर्णींना बाजूला घेऊन विचारले.

"काका, प्रॅक्टिस मॅच आहे हो. कोण मारायला बसलंय?" ते म्हणाले. "आणि नो-बॉल-बिल फार काढू नका. त्यांचं शूटिंग चाललंय. निवड समितीला पाठवायचंय. वेग दिसला पाहिजे."

सलामीला सलीम आला. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचा, आमच्या कंपनीत वेल्डर. त्याच्या हाताखालून गेलेला सांधा तपासताना निरीक्षकही निर्धास्त असत. वेल्डरची बोटे म्हणजे त्याची रोजीरोटी, हे तो जाणून होता. म्हणूनच की काय, तो मैदानात आला तो कारखान्याचे पिवळे हेल्मेट घालून.

पुन्हा हशा.

"हे काय, सलीम, पाइपलाइन टाकायला आलास?" कुलकर्णी ओरडले. दुसरे पंच म्हणून ते स्क्वेअर लेगला उभे होते.

"साहेब, डोकं माझं आहे ना! दुसरं नाय मिळत," सलीम हसून म्हणाला.

ते हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते, समोरून येणाऱ्या चेंडूसाठी नव्हे. हे मला ठाऊक होते. तरी उघड्या डोक्यापेक्षा बरे. पण माझ्यामागे, सीमारेषेजवळ, कॅमेरा आणि वेग मोजणारे यंत्र घेऊन बसलेला प्रशिक्षक उठला.

"ते पिवळे भांडे काढायला सांगा. व्हिडिओ विनोदी दिसेल."

कुलकर्णी चालत गेले आणि त्यांनी आपल्या हाताने सलीमच्या डोक्यावरचे हेल्मेट काढून घेतले.

ज्या कंपनीच्या फाटकातून हेल्मेटशिवाय मी कोणालाही आत सोडत नाही, त्याच कंपनीचा तो व्यवस्थापक होता. मी म्हणालो, "कुलकर्णी, ते परत द्या." त्यांनी ऐकले नाही. ऐकू न येण्याइतके अंतर आमच्यात नव्हते.

पहिला गोलंदाज टॉम नावाचा मुलगा. त्याने टोपी माझ्या हातात दिली आणि हळूच विचारले, "सर, हे लोक क्रिकेटचे हेल्मेट का घालत नाहीत?"

"कारण त्यांना ते कोणी दिलेले नाही," मी म्हणालो.

तो वळून आपल्या खुणेपाशी गेला. मग धावत आला. काय ती धाव! परमेश्वराने त्या देहात वाराच भरला होता. चेंडू टाकून झाला की मात्र त्याचा हात नकळत कमरेवर जाई आणि चेहरा आवळला जाई. त्याची पाठ दुखत होती. एवढ्या कोवळ्या वयात. मला त्याचीही दया आली.

गवतावर जो चेंडू छातीपर्यंत येतो तो मॅटिंगवर तोंडाशी येतो. इथे खेळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. प्रशिक्षकाला माहीत नव्हते आणि त्याने कोणाला विचारलेही नव्हते. "आखूड टाक!" तो मागून ओरडत होता. तिसरा चेंडू सलीमच्या खांद्यावर आदळला. सलीम खाली बसला, खांदा चोळत उठला.

मी हात वर करून खेळ थांबवला. ही गोलंदाजी धोकादायक आहे, ही पहिली ताकीद, असे मी टॉमला सांगितले. त्याने मान डोलावली. मला वाटते, त्याला सुटका झाल्यासारखे वाटले.

कुलकर्णी तरातरा आले. "काका, ताकीद-बिकीद काही नाही. मी रद्द केली. तुम्ही आज खुंटी आहात, खुंटी. खुंटीनं बोलायचं नसतं."

आणि प्रशिक्षक ओरडला, "टॉम, पुन्हा तिथेच! निवड समिती दया दाखवणार नाही!"

टॉम धावत आला.

चेंडू सलीमच्या डोळ्यांच्या रोखाने उसळला. डोक्यावर काही नव्हते, म्हणून त्याने उजवा हात वर नेला. आवाज झाला. वाळलेली काटकी पायाखाली मोडावी तसा. बॅट पडली. सलीम गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात छातीशी धरला. दोन बोटे भलत्याच दिशेला वळली होती.

"या अल्लाह," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, "गुरुजी, हा वेल्डिंगचा हात आहे."

एवढेच.

मागून प्रशिक्षकाने यंत्रावरचा आकडा मोठ्याने वाचला. त्याच्या आवाजात आनंद होता. मग तो म्हणाला, "नेक्स्ट!"

तितिक्षा हा शब्द मी लहानपणी शिकलो. आपल्या वाट्याला आलेले दुःख खंत न करता सोसणे म्हणजे तितिक्षा. आयुष्यभर मी तिला जपले. वरिष्ठांचे शब्द सोसले, पगारातला भेद सोसला, त्या सकाळचे स्वेटर सोसले. पण दुसऱ्याच्या वाट्याचे दुःख आपण शांतपणे पाहत राहावे, हे कोणत्याही शास्त्राने मला शिकवले नव्हते. माझ्या शांतपणाला मी साधना समजत होतो. ते त्याला सोय समजत होते.

मी यष्ट्यांपाशी गेलो. वरच्या दोन्ही बेल्स उचलल्या आणि खिशात घातल्या. कमरेचे स्वेटर सोडून मॅटिंगवर ठेवले.

"सामना संपला," मी मोठ्याने म्हणालो. आधी इंग्रजीत. मग मराठीत. मग हिंदीत, कारण पुढचा फलंदाज बिहारचा होता आणि पॅड बांधून उभा होता.

"काका, बेल्स द्या इकडे," कुलकर्णी म्हणाले.

"देणार नाही."

"डोकं फिरलंय का तुमचं? कोणासमोर काय बोलताय?"

"तुमच्यासमोर बोलतोय. देणार नाही."

प्रशिक्षक म्हणाला, बेल्सवाचून खेळू. खेळता आले असते. पण पुढचा फलंदाज आत आला नाही. आणि टॉमने चेंडू जमिनीवर ठेवला. तो सलीमजवळ गेला, खाली बसला आणि "सॉरी, सॉरी" म्हणत राहिला. ते पोर रडत होते. प्रशिक्षकाने त्याला हाक मारली. तो उठला नाही.

दवाखान्यात कुलकर्णींनी डॉक्टरांना सांगितले, "कॅम्पच्या बाथरूममध्ये घसरला."

मी म्हणालो, "नाही. कंपनीने भरवलेल्या सामन्यात चेंडू लागला. मी तिथे पंच होतो."

डॉक्टर हैदराबादचे होते. त्यांनी दोघांकडे पाहिले आणि खाली मान घालून आपले काम सुरू ठेवले.

सलीमची बोटे जुळली, पण मुठीत पकड आली नाही. कंपनीने त्याला फायनल एक्झिट दिला, म्हणजे कायमचे घरी पाठवले. दम्मामच्या विमानतळावर मी सोडायला गेलो. त्याने डावा हात पुढे केला, मग ओशाळून मागे घेतला. डाव्या हाताने निरोप घेणे त्याला बरे वाटेना. मी त्याला मिठी मारली.

"घरी काय सांगशील?" मी विचारले.

"क्रिकेट खेळलो, सांगेन," तो म्हणाला. "बायको हसंल आधी."

आधी.

त्याला जाऊन आता बरेच महिने झाले. मला अजूनही संध्येत आचमनासाठी तळहातावर पाणी घेतले की ती बोटे दिसतात. मंत्र अडतो. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

परवा कुलकर्णी माझ्या खोलीवर आले. त्या दिवसानंतर प्रथमच. येत्या हिवाळ्यात अकादमीची पुढची तुकडी येते आहे, आणखी वेगवान मुले, असे म्हणाले. कॅम्पमधली माणसे तुमचे ऐकतात, तेव्हा तुम्हीच पंच म्हणून उभे राहा, झाले गेले विसरा. मी नाही म्हणालो तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

"काका, इकामा संपत आलाय तुमचा. सही माझ्याकडून जाते." इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना.

"जाऊ द्या किंवा अडवा," मी म्हणालो. "हेल्मेटवाचून आपला माणूस त्या मॅटिंगवर उभा राहणार नाही."

"तुम्हीच इथे नसाल तर?"

मी त्यांना चहा दिला. ते न पिताच गेले.

इंग्लंडने आपले वेगवान गोलंदाज अवश्य घडवावेत. त्या मुलांचे कल्याण व्हावे, त्यांच्या पाठी शाबूत राहाव्यात, अशी मी देवाजवळ प्रार्थना करतो. पण आमची हाडे त्यासाठी मिळणार नाहीत. मी इथे असेन किंवा नसेन. गेल्या दोन दिवसांत मी कॅम्पमधल्या एकेका खोलीत गेलो. मल्याळी, बिहारी, कोकणी, नेपाळी, सर्वांना समोर बसवून सलीमचे काय झाले ते सांगितले. आणि एकच गोष्ट प्रत्येकाकडून वदवून घेतली. नव्या तुकडीच्या सामन्याच्या शुक्रवारी मैदानावर न्यायला कंपनीची बस दारात येईल. ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला, म्हणेल. हॉर्न वाजवेल.

बसमध्ये कोणी चढायचे नाही.