पाटकर मॅडमचे सायबर अशील

वकिलाच्या ऑफिसात दोन गोष्टी न मागता साठतात, जुन्या फायली आणि किस्से. फायली निदान कपाटात तरी मावतात! आमचं ऑफिस ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोसमोर. पाटकर मॅडम माझ्या सीनियर. मोबाइल-इंटरनेटची भांडणं घेऊन येणारा अशील त्यांच्याकडे, त्याचे कागद माझ्याकडे.

*

एका गृहस्थांना मेसेजवर धमक्या आलेल्या. ते स्क्रीनशॉट घेऊन आले, चक्क लॅमिनेट करून!

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण मूळ फोनही लागेल. तो कुठाय?"

"तो एक्स्चेंजमध्ये दिला ना मॅडम! स्क्रीनशॉट नीट दिसावेत म्हणून मोठ्या स्क्रीनचा घेतला!"

*

डोंबिवलीतली सोसायटी. चेअरमननी ग्रुपवर आपल्या भाषणाचा व्हिडिओ टाकला. त्याखाली एका मेंबरचा हसून रडणारा इमोजी. झालं, बदनामीची नोटीस!

मेंबर आमच्याकडे आला. मॅडमनी विचारलं, "खरं सांगा, हसलात?"

"नाही हो! ऐकता ऐकता डुलकी लागली, अंगठा पडला."

"मग उत्तरात हेच लिहू?"

"नको नको! त्यापेक्षा हसलो म्हणा!"

*

कोपरच्या काकूंच्या शेजाऱ्याने कॅमेरा लावलेला, थेट काकूंच्या दारावर. "आमच्याकडे कोण येतं, कोण जातं, सगळं बघतो मेला!" आम्ही नोटीस पाठवली. त्याने मुकाट्याने कॅमेरा वळवला.

पंधरा दिवसांनी काकू परत हजर. "अरे, दारातून माझ्या नव्या चपला गेल्या रे! त्याला दुसरी नोटीस पाठव, कॅमेरा होता तसा कर म्हणावं!"

*

एकदा ऑनलाइन साक्ष होती. न्यायाधीशांनी साक्षीदाराला विचारलं, "खोलीत तुमच्याशिवाय कोणी आहे?"

"नाही साहेब."

मागून बायकोचा आवाज, "अहो, जरा मोठ्याने सांगा, कोणीच नाही म्हणून!"

*

आणि कुलकर्णी बाई. डोंबिवलीच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेल्या, आता एकट्या राहतात. एका सकाळी त्यांना पोलिसाच्या गणवेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला. "मॅडम, आपको डिजिटल अरेस्ट किया है. कॅमेरे के सामने से हिलना नहीं!"

अशी अटक कायद्यात नाहीच. पण बाईंना कुठे माहीत? दोन तास खुर्चीत बसून होत्या. तो हिंदीतून दरडावत बँकेची माहिती मागत होता.

"घशाला कोरड पडली," बाई आम्हाला सांगत होत्या. "घाबरून मराठीतच विचारलं, पाणी पिऊन येऊ का? तर म्हणाला, 'हो, बाई.'"

"मग?"

"मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं. मी शाळेत शिकवायचे हे त्याला सांगितलंच नव्हतं मी. त्यानेच फोन ठेवला."

माझं टायपिंग थांबलं. मॅडमनी हळूच विचारलं, "तक्रार द्यायची ना, बाई?"

"द्यायची तर! दुसऱ्या कोणाच्या नशिबी हे नको." बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "सगळं लिहा. फक्त तो मला बाई म्हणाला, तेवढं लिहू नका."