माळ्यावरच्या अकरा जणी

आधी चहा संपवा. या किश्श्यापायी आजवर दोघांना ठसका लागलाय, त्यातला एक आमचा जावई. म्हणजे तेव्हा व्हायचा होता. आणि माझ्या कर्तृत्वाने होता होता राहणार होता!

तर मला एक खोड आहे. पाटबंधारे खात्यात नकाशे काढून रिटायर झालो, बारीक रेघा बघायची डोळ्यांना सवय, आणि आठ वर्षांपूर्वी रोमन नाण्यांचा नाद लागला. त्यातही राजे नकोत. राजे काय, सगळे हेडक्लार्कसारखे आंबट तोंडाचे. मला हव्यात त्यांच्या राण्या! दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायका, पण अंबाडे बघाल तर वेड लागेल. कोणाची वेणी डोक्याभोवती, कोणाचा बुचडा मानेवर. नुसता अंबाडा बघून सांगतो, बाई कुठल्या राजाची. आणि काही नाण्यांच्या मागे त्यांची पोरंबाळं! आपण बारशाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो ना? ते लोक नाण्यावर टाकायचे.

आमच्या घरात या ज्ञानाला किंमत शून्य. दोन वर्षांपूर्वी कपाटात साड्यांना जागा उरेना, तेव्हा वैजूने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळी नाणी मला विकून टाकायला लावली. तेवढ्यावर भागलं नाही. हेदवीला दशभुज गणपतीपुढे उभं केलं आणि वदवून घेतलं, "यापुढे नाणी घेणार नाही."

मी शब्दाचा पक्का माणूस. नाणी नाही घेतली. राण्या घेतल्या.

अकरा. नकाशे काढायची जुनी कंपासपेटी माळ्यावर पडली होती, तिच्यात लपवल्या. दर रविवारी वैजू देवळात गेली की शिडी लावायची, खाली काढायच्या, मऊ फडक्याने हळूच टिपायच्या आणि बघत बसायचं. पाप आहे का यात? तुम्हीच सांगा!

बारावी मात्र उघड आणली. लग्नाला तीस वर्षं झाली, वैजूला काहीतरी द्यायला हवं होतं. मुंबईच्या प्रदर्शनात एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाकडे फॉस्टिना राणी दिसली. चांदीची, पुढे तिचा चेहरा, मागे चार मुलं घेतलेली आई. दोन कडेवर, दोन पायाशी. म्हटलं, दागिनाच आहे हा, नाणं कुठलं! रामआळीतल्या सोनाराला बजावलं, "भोक पाडलंस तर तुझ्या दारात उपोषणाला बसेन." त्याने चांदीच्या कोंदणात बसवून वर कडी लावून दिली.

वैजूने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. "तीस वर्षांनी दिलंत ते पण दुसऱ्याच बाईचं तोंड," एवढं म्हणाली. पण घातली हो! आणि तीच घालून शेजारच्या गोदामामींकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेली.

इथे जरा थांबा. पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधी सांगतो.

आपल्याकडे जुनी रीत होती. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायचे. चांदीची चपटी गोल चकती, तिच्यावर गेलेल्या बाईची मूर्ती. म्हणजे सवतीने मागे लागू नये, मान मिळाला म्हणून खूश राहावं. मला रोमच्या राणीची सासू, सासूची सासू पाठ होती. पण रत्नागिरीत जन्म काढून ही रीत ठाऊक नव्हती. वैजूलाही नाही. गोदामामी पंच्याऐंशीच्या. त्यांना पक्की ठाऊक!

तर मामींनी आंब्याची डाळ वाढता वाढता तो टाक हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. डोळ्यांत पाणी.

"अगो वैजू, इतकी वर्षं बोलली नाहीस गो! नाव काय हिचं?"

"फॉस्टिना," वैजू म्हणाली. तिला वाटलं, मामी नक्षीचं विचारतायत.

"आणि ही पोरं?"

"चार आहेत. तिचीच."

"तुला त्रास नाही ना होत?"

आता माझ्या छंदाचा विषय निघाला की आमच्या बाईसाहेबांची जीभ कशी चालते ते तुम्हाला माहीत नाही. ती म्हणाली, "त्रास कसला! राणी आहे ती त्यांची. आम्ही आपल्या दासी. सकाळ-संध्याकाळ तिचंच कौतुक ऐकायचं."

मामींनी तिला पोटाशी धरलं. वैजूला वाटलं, साधेपणाचं कौतुक चाललंय. तीन पेले पन्हं पिऊन खुशीत घरी आली.

आणि त्याच पंगतीत, दोन पाट सोडून, कोण बसलेलं? लांज्याच्या नानांची बायको! आमच्या मुग्धाचं त्यांच्या निनादशी ठरलेलं. पंधरा दिवसांवर साखरपुडा. पोरीने स्वतः पसंत केलेला मुलगा, माणसं चांगली, काजूचा धंदा, सगळं कसं जुळून आलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांचा फोन.

"भाऊ, जरा नाजूक विषय आहे."

"बोला ना नाना!"

"आमच्या हिने काल वहिनींच्या गळ्यात ते पाहिलं. त्या फॉस्टिनाबाईंचं."

बाई म्हणाले हो, बाई! आठ वर्षांत एका माणसाने आपणहून विचारलं नव्हतं. दूधवाल्याला सांगायला गेलो तर तो हल्ली पिशवी फाटकालाच अडकवून पळतो. आणि इथे खुद्द व्याही, आदराने! मी खुर्ची ओढून ऐसपैस बसलो.

"नाना, तुम्हाला तिच्यात रस आहे हे मला ठाऊकच नव्हतं!"

"रस म्हणजे... कळायला हवं ना आम्हाला. तुम्ही आधी काही बोलला नाहीत."

"अहो, पोहे खाताना कुठे तिचा विषय काढायचा!"

"नावावरून गोव्याकडच्या वाटतात."

"छे छे, त्याच्या बऱ्याच पलीकडची. मला मुंबईत मिळाली. एका म्हाताऱ्या पारश्याकडे नुसती पडून होती बिचारी. काळवंडली होती. मी म्हटलं, हिला असं टाकून जायचं नाही. तडक घेऊन निघालो, रत्नागिरीपर्यंत छातीशी धरून."

पलीकडे नाना खोकले. "आणि मुलं?"

"तेच तर तिचं वैशिष्ट्य! चार तर दिसतातच. तशी तिला तेरा-चौदा झाली."

"चौदा?"

"बरीचशी लहानपणीच गेली हो. एक मुलगा वाढला, तो पार वाया गेला. मारामाऱ्यांचा नाद. शेवटी आंघोळीला गेला असताना घरच्याच माणसांनी गळा दाबवला त्याचा."

"अरे देवा! पोलीस केस झाली असेल?"

"तेव्हा कसली आलीय पोलीस केस!" मी हसलो. हो, हसलो मी! "आणि तिच्याबद्दल पण लोक वाट्टेल ते बोलायचे. पैलवानांशी नाव जोडलं. मी नाही विश्वास ठेवत. आणि खरं असलं तरी मला काय? मला आवडते."

"वहिनींना हे सगळं... चालतं?"

"न चालायला काय झालं? मीच तिच्या गळ्यात बांधली!"

आता इथे शहाण्या माणसाने थांबावं की नाही? पण ऐकणारा मिळाला की माझं काय होतं ते तुम्ही आत्ता बघताच आहात. मी दार लोटलं, आवाज खाली केला.

"नाना, तुम्ही आता घरचेच. म्हणून सांगतो. ही एकटीच नाही. अजून अकरा आहेत."

लांज्याच्या पंख्याची घरघर मला इकडे ऐकू आली.

"अकरा," नाना म्हणाले.

"वैजूला पत्ता नाही! हेदवीला शपथ घेतलीय, पण मन आवरत नाही हो. मायलेकी आहेत, सासू-सून आहे, सगळ्या एकत्र, कुठे भांडण नाही."

"कुठे ठेवल्यात?"

"माळ्यावर! रविवारी ही देवळात गेली की एकेकीला खाली काढतो. तुम्ही या ना बघायला. तुम्हाला आवडली तर त्यातली एक देतो तुम्हाला. व्याह्यांना भेट!"

फोन कट झाला. मला वाटलं, रेंज गेली. तिकडे लांज्याला असं होतंच. मी खुशीत शीळ घालत नारळ सोलायला गेलो.

संध्याकाळी मुग्धा घरी आली ती रडतच. निनादच्या घरच्यांनी सगळं थांबवायला सांगितलं होतं. "बाबा, तुम्ही नानांना काय सांगितलंत?"

"मी? इतिहासावर बोललो थोडा."

"आईच्या आधी तुमची कोण बायको होती? चौदा मुलांची? निनाद विचारतोय, माझा एक भाऊ बाथरूममध्ये मेला का!"

वैजूच्या हातातली पळी आमटीत पडली. तिने गळ्याशी हात नेला, टाक चाचपला, गोदामामींचं पाणावलेलं तोंड आठवलं आणि मामींकडे धावत जाऊन आली. टाकाचा अर्थ कळला होता, पायरीवरूनच ओरडली. "मी माझ्या तोंडाने सांगितलं हो, राणी आहे त्यांची म्हणून!"

पोरगी उशीत तोंड खुपसून हुंदके देत होती. माझ्या बडबडीपायी तिचं लग्न मोडत होतं. मी नानांना फोन लावला, ते उचलेनात. दहाव्यांदा उचलला. "उद्या येतो आम्ही," म्हणाले. "समोरासमोर बोलू."

आले. नाना, त्यांची बायको, निनाद. आणि साक्षीला गोदामामी, काठी टेकत. आधी कोणी चहा-पाण्याला हात लावेना. वैजूने फॉस्टिना काढून नानांच्या हातावर ठेवली. "ही बघा. रोमची राणी आहे. नाणं आहे ते. मेली त्याला दीड-दोन हजार वर्षं झाली."

नानांनी नाणं बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. चेहरा थोडा सैल झाला. माझा पण. झालं, सुटलो!

तेवढ्यात नानांची बायको म्हणाली, "आणि त्या अकरा जणी?"

"कुठल्या अकरा?" वैजूने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता काय करायचं, सांगा? गप्प बसावं तर पोरीचं लग्न जातंय. बोलावं तर दशभुज गणपती परवडला, वैजूचे दोनच हात जड! मी मुग्धाकडे बघितलं. नाक लाल, डोळे सुजलेले, निनादकडे बघायची हिंमत नाही. मी उठलो. शिडी आणली.

"माळ्यावर बायका ठेवल्यात?" गोदामामी पुटपुटल्या. "आणि खातात काय गो त्या?"

निनादने त्याच वेळी चहाचा पहिला घोट घेतला होता. तोच तो ठसका!

मी पेटी खाली आणली, उघडली, आणि एकेक राणी चटईवर मांडली. अकरा अंबाडे. नाना वाकून बघत होते. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग असे हसले की निनादला ठसक्यातून उठून त्यांची पाठ चोळावी लागली. "सासू-सून एकत्र! कुठे भांडण नाही! अहो, काल रात्रभर झोपलो नाही हो मी!" त्यांची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "एक भेट देणार होतात ना? नको हो भाऊ, आमच्याकडे एकही यायला नको." मुग्धा हसतेय की रडतेय तेच कळेना. साखरपुड्याचा मुहूर्त तिथेच पुन्हा नक्की झाला.

सगळे हसत होते. एक सोडून.

वैजू नाणी मोजत होती. "अकरा," ती म्हणाली. "हेदवीला काय बोलला होतात?"

"नाणी घेणार नाही."

"मग ही काय आहेत?"

"राण्या," मी म्हणालो. व्याह्यांसमोर खोटं कसं बोलायचं?

तिने पेटीचं झाकण लावलं आणि पेटी काखेत मारून आत गेली. त्या झाकणाच्या आवाजाचा अर्थ तीस वर्षं लग्न झालेल्यांनाच कळेल.

दुसऱ्या दिवशी ती रामआळीत गेली. सोनार मला नंतर म्हणाला, "भाऊ, तुमचं उपोषण सोसलं असतं, पण वहिनींपुढे माझं काय चालतंय?" भोक मात्र त्याने एकीलाही पाडलं नाही, तेवढी माणुसकी राखली. अकरा जणींना कोंदणं केली आणि फॉस्टिनासकट बाराही जणींची पुतळ्यांच्या माळेसारखी रीतसर माळ ओवून दिली. मुग्धाच्या लग्नात वैजूने हिरव्या शालूवर ती घातली. मधोमध फॉस्टिना, दोन्ही बाजूंना बाकीच्या. दोन वर्षं चोरून जिवापाड जपलेला माझा संग्रह मंडपभर मिरवत होता आणि मला हात लावायची सोय नव्हती.

पंगतीत तिच्या शेजारी केळशीची एक म्हातारी मावशी बसली होती. नवरदेवाकडची, ओळख ना पाळख. मी समोरच वाढत होतो. मावशीने माळ हातात घेतली, एकेक तोंड निरखलं, बोटांवर मोजलं आणि डोळे मोठे केले.

"अगो बाई! बारा?"

वैजूने माझ्याकडे बघितलं. मग माळ सारखी केली आणि शांतपणे म्हणाली, "हो ना मावशी. बारा जणी आल्या आणि बारा जणी गेल्या. ह्या माणसाबरोबर टिकले ती मी एकटीच."

मावशीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी जिलब्यांचं ताट घेऊन तिला वाढायला वाकलो. तिने स्वतःचं पान जरा मागे ओढलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता या तेरावीला तरी नीट जप रे मेल्या!"